४,५०० युरो म्हणजे नेमके किती रुपये?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा भाचा कॅलेंडरचे एक पाठकोरे पान घेऊन माझ्याकडे आला. तो कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात अभियंता आहे, आणि त्याला जर्मनीतील स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याकडून नोकरीचे पत्र आले होते. पानावर त्याने ४,५०० गुणिले १०० असे मांडून खाली ४,५०,००० लिहिले होते, त्याखाली आपला सध्याचा ७०,००० पगार लिहिला होता आणि बाजूला 'सहा पटींहून जास्त' असे लिहून दोन रेघा ओढल्या होत्या. "मामा, यात काही चुकत नाही ना?" एवढेच त्याने विचारले. गुणाकार बरोबर होता. पण त्या गुणाकारावर विसंबून कोणी घर सोडू नये असे मला मनापासून वाटले, आणि पुढचे चार रविवार आम्ही दोघे ते पान समोर घेऊन बसलो.

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि असा कागद घेऊन येणारा हा पहिलाच मुलगा नव्हे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला तेव्हापासून हा विषय अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. परिचारिका, वीजतंत्री, वाहनदुरुस्ती करणारे कारागीर यांच्या घरांतही तो बोलला जातो. म्हणून आमची मांडणी येथे सविस्तर देत आहे. जर्मनीचे कर आणि वर्गण्यांचे आकडे २०२५ च्या नियमांचे आहेत, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून एका युरोला १०० रुपये धरले आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि तीच या विषयाचा कणा आहे. परदेशी चलनाला दोन किमती असतात. एक किंमत बँकेच्या फलकावर असते. त्या दराने पैसे घरी पाठवता येतात. दुसरी किंमत त्या देशातल्या दुकानात, सलूनमध्ये आणि घरमालकाच्या दारात ठरते, म्हणजे त्या चलनात तेथे राहून प्रत्यक्षात काय विकत घेता येते यावर. स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुस्टाव कासेल यांनी १९१८ मध्ये या दुसऱ्या किमतीला जे नाव दिले त्याला आपण मराठीत 'क्रयशक्ती समता' म्हणतो. तिचे पद्धतशीर मोजमाप १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्या संयुक्त प्रकल्पातून सुरू झाले आणि आज जागतिक बँकेच्या समन्वयाने जगभर केले जाते. त्या मोजमापानुसार अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात तेवढ्या भारतात सुमारे २० रुपयांत आणि जर्मनीत सुमारे पाऊण युरोच्या आतबाहेर मिळतात. या दोन्ही आकड्यांचा भागाकार केला की भारत आणि जर्मनी यांच्यातला दर निघतो: तेथे खर्च होणारा एक युरो हा भारतातल्या साधारण २८ रुपयांइतके काम करतो.

म्हणजे स्टुटगार्टमध्ये खर्च केलेला युरो २८ रुपयांचा असतो आणि कोल्हापूरला पाठवलेला युरो १०० रुपयांचा. भाच्याने सगळेच्या सगळे युरो १०० ने गुणले होते, जणू तो महिनाभर तेथे हवेवर जगणार होता.

इतका फरक का पडतो हे दोन वस्तूंवरून कळते. दूध घ्या. आपल्याकडे म्हशीच्या पिशवीबंद दुधाला लिटरमागे सत्तर रुपयांच्या वर मोजावे लागतात, आणि जर्मनीत स्वस्त किराणा दुकानांच्या साखळीत एक लिटर दूध साधारण एका युरोला, म्हणजे १०० रुपयांना मिळते. फरक आहे, पण तो सव्वापट-दीडपटीचा. आता केस कापणे घ्या. कोल्हापूरच्या राजारामपुरीत साध्या सलूनमध्ये १०० रुपयांत काम होते, स्टुटगार्टमध्ये त्यासाठी २५ युरो, म्हणजे २,५०० रुपये सहज जातात. येथे फरक पंचवीस पटींचा झाला. दूध यंत्राने काढता येते, टँकरमधून शेकडो किलोमीटर नेता येते, त्याची भुकटी करून जहाजात भरता येते, त्यामुळे त्याच्या किमती देशादेशांत फार दूर जाऊ शकत नाहीत. केस कापणाऱ्याचा अर्धा तास मात्र कोठेही पाठवता येत नाही. ज्याला स्टुटगार्टमध्ये राहायचे आहे त्याला स्टुटगार्टचे भाडे भरण्याइतके मिळालेच पाहिजे, आणि तेथे २०२५ मध्ये कायद्याने तासाला किमान १२.८२ युरो वेतन होते. हंगेरीत जन्मलेले बेला बलाशा आणि अमेरिकेतील पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हेच कारण मांडले: श्रीमंत देशांत माणसाच्या हातचे काम महाग असते, कारण तेथील कारखान्यांची उत्पादकता सर्वांचीच मजुरी वर ओढते.

यावरून आपल्या घराबद्दलही काही कळते. आपल्याकडे मध्यमवर्गीय घराचे सुख बरेचसे माणसांच्या हातच्या कामावर उभे असते. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, नळ गळू लागला तर संध्याकाळपर्यंत येणारा प्लंबर, रिक्षा, घरपोच भाजी, मुलांना शाळेत सोडणारी व्हॅन, ही सगळी माणसे तेथे आपल्या आवाक्याबाहेर जातात. त्यांची कामे आपणच करावी लागतात किंवा त्यावाचून चालवावे लागते. उलट मोटार, लॅपटॉप, फ्रीज, धुलाई यंत्र, विमानाचे तिकीट यांसारख्या वस्तू तेथील पगाराच्या मानाने खूप स्वस्त वाटतात. म्हणून 'तिकडे महागाई किती पट आहे' या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. तुम्ही वस्तू किती घेता आणि माणसांची सेवा किती घेता यावर ती पट ठरते.

आता भाच्याच्या कागदाकडे येऊ. ४,५०० युरो हा आकडा नोकरीच्या पत्रातला आहे. त्याला तेथे 'ब्रुटो' म्हणतात आणि हातात पडतो तो 'नेटो'. या दोहोंमधले अंतर आपल्याकडच्या पगारपत्रकाची सवय असलेल्या माणसाला धक्का देणारे असते. निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के, आरोग्य विम्यासाठी ७.३ टक्के अधिक विमा संस्थेच्या जादा वर्गणीतला अर्धा वाटा, आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्यासाठी १.८ टक्के अशी कपात होते; वय २३ पूर्ण झालेल्या आणि मूल नसलेल्या माणसाकडून शुश्रूषा विम्यासाठी आणखी ०.६ टक्के घेतले जातात. हे सगळे मिळून सुमारे ९७० युरो होतात. त्यावर अविवाहित माणसाला लागू होणाऱ्या पहिल्या करवर्गानुसार प्राप्तिकर साधारण ६६० युरो बसतो. हातात राहतात सुमारे २,८७० युरो. नोंदणीच्या वेळी धर्म विचारला जातो त्याचाही संबंध कराशी आहे, कारण ठरावीक धर्मसंस्थांच्या सदस्यांकडून चर्च कर वेगळा कापला जातो. त्या संस्थांचा सदस्य नसलेल्याला तो लागू होत नाही.

कपातीचा आकडा पाहून भाचा बराच वेळ गप्प बसला. मी त्याला सांगितले की प्राप्तिकर बाजूला ठेव आणि उरलेल्या ९७० युरोंकडे खरेदी म्हणून बघ. आरोग्य विम्याची जी वर्गणी जाते तिच्यात डॉक्टरांकडे जाणे जवळजवळ विनाशुल्क होते, रुग्णालयात दाखल झाल्यास दिवसाला १० युरो आणि तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवसांपुरतेच भरावे लागतात, आणि कमाई नसलेली पत्नी व मुले त्याच वर्गणीत समाविष्ट होतात. आपल्या देशात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला होता. ज्या घराने मोठ्या आजारपणात शेताचा तुकडा विकलेला पाहिला आहे, त्या घराला या वर्गणीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बेकारी विम्याची पुरेशी वर्गणी भरल्यावर नोकरी गेली तर काही काळ नक्त पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के रक्कम मिळते. निवृत्तिवेतनाचा वाटाही वाया जात नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यामुळे दोन्ही देशांतल्या नोकरीचा काळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो.

त्यानंतर भाड्याचा विषय निघाला, आणि खरे तर सगळा हिशेब याच एका ओळीवर उलटतो. स्टुटगार्ट हे जर्मनीतील महागड्या शहरांपैकी एक आहे. जाहिरातीत जे भाडे दिसते ते बहुधा 'काल्टमीटे', म्हणजे शब्दशः थंड भाडे असते. त्यात घर तापवण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा आणि इमारतीच्या देखभालीचा खर्च मिळवला की 'वार्ममीटे' होते. या जादा खर्चापोटी दरमहा अंदाजाने रक्कम घेतली जाते आणि वर्षाअखेर प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो. पहिल्या हिवाळ्यात घर सतत उबदार ठेवणाऱ्यांना हे वाढीव बिल फार जड जाते. वीज बहुतेक वेळा या भाड्यातही नसते. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या कोणाच्याही ध्यानीमनी नसते: अनेक घरे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय भाड्याने दिली जातात. भाच्याच्या एका मित्राने तिकडून फोटो पाठवला होता. भिंतीतून बाहेर आलेले नळाचे दोन पाइप, छतातून लोंबणाऱ्या दिव्याच्या वायरी आणि रिकामी फरशी, एवढेच त्यात होते. सिंक, शेगडी, कपाटे, दिवे, सगळे भाडेकरूने आणायचे.

आम्ही एका माणसासाठी लहान घर धरले आणि ८०० युरो थंड भाडे, २०० युरो इतर खर्च असे लिहिले. हा आमचा अंदाज आहे. घर गावाबाहेर मिळाले तर तो खाली येईल आणि शहराच्या मध्यात घेतले तर बराच वर जाईल. वीज, इंटरनेट आणि फोन यांना ९० युरो लिहिले. रेडिओ-दूरचित्रवाणीची वर्गणी प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो भरावीच लागते, मग घरात टीव्ही असो वा नसो. देशभरातील स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे यांना चालणारा मासिक पास २०२५ मध्ये ५८ युरोंचा होता. किराणा ३२०, बाहेरचे खाणे आणि सुट्टीचे फिरणे १५०, कपडे, घरसामान आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा छोटा विमा मिळून १३०, वर्षातून एकदा कोल्हापूरला येण्यासाठी महिन्याला बाजूला टाकायचे १००, आणि किरकोळ व अनपेक्षित १००. बेरीज सुमारे १,९७० युरो झाली आणि शिल्लक ९०० उरले.

हे ९०० युरो घरी येऊ शकतात, म्हणून त्यांनाच १०० ने गुणण्याचा अधिकार आहे: ९०,००० रुपये. जे १,९७० युरो तेथेच खर्च होतील त्यांना २८ ने गुणायचे: सुमारे ५५,००० रुपये. म्हणजे तो तेथे भारतातल्या महिना ५५,००० रुपये खर्चाच्या तोलामोलाचे आयुष्य जगेल आणि ९०,००० रुपये मागे टाकेल. त्यातही २८ हा आकडा दोन देशांच्या सरासरीचा आहे. कोल्हापूर मुंबईपेक्षा स्वस्त आणि स्टुटगार्ट जर्मनीच्या सरासरीपेक्षा महाग, त्यामुळे आपल्या दोन गावांपुरता तो आणखी खाली धरावा हेच शहाणपणाचे.

आता कोल्हापूरची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण बहुतेक घरांत ती बाजू मांडलीच जात नाही. ७०,००० पैकी कपात जाऊन भाच्याच्या हातात ६२,००० रुपये येतात. घरात १५,००० देतो, पेट्रोल, फोन आणि स्वतःचा खर्च मिळून १२,००० जातात आणि ३५,००० शिल्लक पडतात. पण तो ज्या घरात राहतो ते आजोबांनी बांधलेले आहे, आणि तसेच घर भाड्याने घ्यायचे तर १५,००० रुपये पडतील. जे भाडे द्यावे लागत नाही तेही उत्पन्नच असते. अर्थशास्त्रात त्याला मानीव भाडे म्हणतात. ते मिळवले तर त्याचे आजचे राहणीमान २७,००० चे नसून ४२,००० चे आहे, आणि आईच्या हातचा दोन्ही वेळचा स्वयंपाक व घरातली धुणीभांडी यांची किंमत त्यात अजून धरलेली नाही.

तेव्हा खरी तुलना अशी उभी राहते. राहणीमानाच्या बाबतीत ४२,००० च्या जागी ५५,००० किंवा त्याहून थोडे कमी. शिल्लक रकमेच्या बाबतीत ३५,००० च्या जागी ९०,०००. सहा पटींचे अडीच पट झाले. अडीच पट शिल्लक ही मुळीच लहान गोष्ट नव्हे, घरावर कर्ज असेल तर ती सगळे चित्र पालटू शकते, आणि मी भाच्याला तसे स्पष्ट सांगितले. फक्त ती सहा पट समजून कोणी निघाले तर पहिल्याच वर्षी त्याचा धीर सुटतो. पहिल्या वर्षात अनामत रक्कम भरावी लागते, जी कायद्याने थंड भाड्याच्या तीन पटींपर्यंत मागता येते; ओटा, पलंग, हिवाळ्याचे कपडे घ्यावे लागतात. आमच्या अंदाजाने त्यात ६,००० युरो जातात. अनामत नंतर परत मिळते, पण तोवर पहिल्या सहा-सात महिन्यांची शिल्लक त्यात अडकलेली असते.

इंटरनेटवर दोन शहरांची नावे घातली की 'अमुक शहर तमुकपेक्षा इतके टक्के महाग' असे सांगणारी संकेतस्थळे आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या नम्बिओवर न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरे मोजली जातात आणि किमतींची माहिती मोठ्या प्रमाणात वापरणारे लोकच भरतात. अंदाजासाठी ती उपयोगी आहेत, पण त्यांच्या मागे एक ठरलेली टोपली, म्हणजे रोजच्या खरेदीची ठरावीक यादी असते आणि ती टोपली आपली नसते. स्टुटगार्टमध्ये राहून ज्वारीचे पीठ, भेंडी, शेवग्याच्या शेंगा, हापूस आणि ताजी कोथिंबीर यांचाच आग्रह धरला तर किराण्याचा खर्च ३२० वर थांबणार नाही. बटाटे, सफरचंद, पाव, चीज, मसूर आणि हंगामातील स्थानिक भाज्या यांच्याशी जुळवून घेतले तर तो अडीचशेपर्यंतही येतो. कांदा-लसूण चटणीचा डबा बॅगेतून नेता येतो. कोल्हापूरच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेल्या धारोष्ण दुधाचा ग्लास कोणत्याही किमतीला तेथे मिळत नाही. माणूस जसजसा तेथल्या टोपलीवर येतो तसतसा त्याच्यापुरता तो देश स्वस्त होतो, आणि हे जुळवून घेणे किती जमेल हे ज्याचे त्याने स्वतःशी खरे बोलून ठरवावे.

येथवरचा हिशेब एकट्या माणसाचा होता. भाच्याचे लग्न ठरलेले आहे. होणारी सून येथील शाळेत शिक्षिका आहे आणि तिला ४०,००० रुपये पगार आहे. तेथे पत्नी कमावत नसेल तर नवऱ्याला तिसरा करवर्ग घेता येतो, त्यामुळे त्याच ४,५०० वर हातात सुमारे ३,२०० युरो येतील आणि मूल झाल्यावर २०२५ च्या दराने दरमहा २५५ युरो बालभत्ता मिळेल. पण घर मोठे लागेल, तिघांची तिकिटे लागतील, आणि आमच्या मांडणीप्रमाणे शिल्लक ५०० युरोंच्या आसपास येईल. ५०,००० रुपये हातात आले आणि तिचे ४०,००० थांबले. कुटुंब म्हणून पाहिले तर पहिली काही वर्षे मोठा लाभ उरतच नाही. ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा वास्तव्याचा परवाना, ज्याच्याकडे आहे त्याच्या जोडीदाराला तेथे नोकरी करण्याची मुभा आहे, अडसर भाषेचा असतो, आणि शिक्षिकेच्या पेशात तो सर्वांत मोठा असतो. म्हणून मी दोघांनाही सांगितले की जर्मनचा वर्ग तिने आजच लावावा, त्याच्याही आधी. ब्ल्यू कार्डवर असलेल्यालाही भाषा येत असण्याचा थेट लाभ आहे: स्थायी वास्तव्याचा परवाना एरवी २७ महिन्यांनी मिळतो, बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी.

इतर देशांचे गणित याच रीतीने मांडता येते, फक्त जड ओळी बदलतात. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे ब्रुटो आणि नेटो जवळजवळ एकच असतात. परंतु परदेशी नोकरदाराला सरकारी निवृत्तिवेतन नाही, नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचे आणि पुढे ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते, आणि मुले शाळेत जाऊ लागली की खासगी शाळांची फी सगळी बचत खाऊ शकते. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आहे. नवरा-बायकोने तीन वर्षांचा व्हिसा घेतला तर ६,२१० पौंड, म्हणजे सात लाख रुपयांहून अधिक, आधीच द्यावे लागतात. अमेरिकेत पगार मोठे असतात, पण आरोग्य विमा असूनही आजारपणात आधी ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते, संपूर्ण देशाला लागू असा पगारी रजेचा कायदा नाही, आणि भारताशी सामाजिक सुरक्षा करार नसल्याने तेथे भरलेल्या वर्गणीचा काळ येथे जोडता येत नाही.

करासंबंधी एक सूचना येथेच करतो, कारण या बाबतीत चांगली शिकलेली माणसेही चुकतात. अनिवासी भारतीयाच्या एनआरई खात्यावरील, म्हणजे परदेशातली कमाई रुपयांत ठेवण्याच्या खात्यावरील, व्याज भारतात करमुक्त आहे. परंतु जर्मनीत राहणाऱ्याच्या जगभरातल्या उत्पन्नावर जर्मनी कर आकारते, आणि व्याजासारख्या उत्पन्नावर माणशी वर्षाला १,००० युरोंचीच सूट आहे. येथे करमुक्त असलेले व्याज तेथे जाहीर करावे लागते.

जीवनमानाचे मोजमाप याहून अवघड आहे. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्यासारख्या विचारवंतांच्या साथीने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक मांडला. केवळ उत्पन्नावरून माणसाचे जगणे कळत नाही, आयुर्मान आणि शिक्षणही पाहिले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. सेन यांचा भर यावर होता की माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो हे पाहावे. मला हीच कसोटी घरगुती निर्णयालाही योग्य वाटते. तेथे आठ वर्षांचे मूल एकटे चालत शाळेत जाऊ शकते. पदपथ आहेत आणि वाहने थांबतात. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवसांची पगारी रजा आहे, प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, आणि आजारी पडल्यास सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस खरोखर सुटलेला असतो. सरकारी शाळेला फी नाही.

त्याच वेळी डिसेंबरात स्टुटगार्टचा सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वाआठ तासांचा असतो, कोल्हापूरचा अकरा तासांचा. अंधारात घर सोडायचे आणि अंधारात परतायचे, रविवारी दुकाने बंद, शेजाऱ्याची ओळख व्हायला वर्ष लागते, विशेषज्ञ डॉक्टरची वेळ कधी कधी काही महिन्यांनी मिळते. येथे रात्री साडेनऊला रंकाळा तलावावर गेले तरी कोणी ना कोणी ओळखीचे भेटते. या दोहोंना युरोत किंवा रुपयांत मांडू नये असे माझे मत आहे. त्यापेक्षा आपल्या गेल्या महिन्यातले तीन चांगले दिवस आठवावेत आणि त्यांतले काय तेथे नेता येईल हे पाहावे. भाच्याच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस क्रिकेटचे आणि मित्रांचे निघाले. होणाऱ्या सुनेच्या तिन्ही दिवसांत तिने एकटीने केलेला प्रवास होता. त्या दोघांनी ते एकमेकांना तेव्हा पहिल्यांदाच सांगितले.

चौथ्या रविवारी माझी बहीणही येऊन बसली. तिने कागद वाचला, आकड्यांबद्दल काही विचारले नाही, आणि म्हणाली, "दाजींना मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा गाडी कोणी काढली होती?" भाच्याने काढली होती. त्या कागदावर आई-वडिलांची ओळच नव्हती. आम्ही ती घातली. दिवसभर थांबणाऱ्या मदतनीसाला महिना १५,०००, आई-वडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याला महिना ४,०००, आणि अचानक यावे लागल्यास ऐन वेळच्या महाग तिकिटासाठी महिना ५,००० बाजूला. ९०,००० चे ६६,००० झाले. तातडीने निघाले तर फ्रँकफर्टहून मुंबई आठ-नऊ तास, आणि विमानतळावरची थांबाथांब व मुंबईहून पुढचे पावणेचारशे किलोमीटर धरून घरच्या दारात यायला किमान एक दिवस, हेही भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले. त्याखाली त्याने शेजारच्या घरातील ज्या मुलाला गाडी चालवता येते त्याचा फोन नंबर लिहिला, आणि त्याच्याशी बोलायला तो कागद घेऊन तसाच खाली उतरला.